कोपराच्या आतला उंचवटा

गेल्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीला बहिणीकडे असताना भाच्याची बेसबॉलची मॅच बघायला गेलो. वय वर्षं ११, संघाचा भरवशाचा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. मॅच संपल्यावर त्याने पाण्याची बाटली डाव्या हाताने उचलली. उजवा हात कोपरात किंचित वाकलेलाच होता, पूर्ण सरळ होत नव्हता. "दुखतंय का रे?" असं विचारलं तर म्हणाला, "जरासंच, मामा. टाकताना दुखतं, नंतर जातं."

त्या "नंतर जातं"वर विश्वास ठेवू नका, एवढंच सांगण्यासाठी हा लेख लिहितोय.

तळहात वर करून हात सैल सोडा आणि दुसऱ्या हाताने कोपराची, शरीराकडची, आतली बाजू चाचपा. हाडाचा एक टणक उंचवटा लागेल. त्याच्या मागच्या खोबणीतून एक मज्जातंतू जातो, म्हणून तिथे दाराची कड लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. मनगट आणि बोटं वाकवणारे स्नायू याच उंचवट्यावर बांधलेले असतात. कोपर आतल्या बाजूने उघडू न देणारं लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध, तोही इथूनच निघतो. मोठ्या माणसात हा उंचवटा दंडाच्या हाडाशी एकजीव झालेला असतो. मुलांमध्ये तसं नसतं. दोन्हींच्या मध्ये कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. तो साधारण १५ ते १७ व्या वर्षी हाडात मिसळून जातो. तोवर सगळ्या जोडणीतला सगळ्यात कच्चा भाग हाच.

आता पिचिंगकडे बघा. पिचर पाय पुढे टाकतो, कंबर वळते, छाती वळते, पण हात अजून मागेच असतो. त्या क्षणी कोपराची आतली बाजू फाकायला बघते. मग खांदा फिरतो. प्रौढ व्यावसायिक पिचरमध्ये या फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७००० अंश मोजला गेला आहे, म्हणजे त्याच वेगाने फिरत राहिला तर सेकंदात १९ फेऱ्या. मुलांचा वेग आणि ताकद कमी असते, पण ओढ त्याच जागी बसते. मोठ्यांचं लिगामेंट झिजतं, तुटतं. मुलांमध्ये लिगामेंट टिकतं आणि ग्रोथ प्लेट उचकटू लागते. या दुखण्याला १९६० पासून वैद्यकात 'लिटल लीग एल्बो' असं नाव आहे. एका चेंडूने हे सहसा होत नाही. थर रोज थोडा दुखावतो आणि भरून यायला त्याला सवडच मिळत नाही.

म्हणून मोजायचे ते चेंडू. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेने २००७ मध्ये इनिंग मोजणं सोडून पिच, म्हणजे पिचरने टाकलेले चेंडू, मोजायला सुरुवात केली. ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५, ९-१० वर्षांच्या मुलाला ७५. टाकलेल्या चेंडूंवर विश्रांतीही ठरते: ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस, ३६ ते ५० टाकले तर दोन. नियम चांगला आहे, मला तो मनापासून आवडतो. पण मोजणारा आपल्याच मैदानावरचे चेंडू मोजतो.

भाचा दोन संघांतून खेळत होता. बहिणीने दोन्ही कोचचे मेसेज समोर ठेवून बेरीज केली. एका शनिवारी सकाळी ३८, संध्याकाळी दुसऱ्या संघाकडून ३३. पहिल्याच्या हिशोबाने दोन दिवस विश्रांती, दुसऱ्याच्या हिशोबाने एक. दोघांच्याही वहीत सगळं नियमात. एकत्र केले तर ७१, म्हणजे चार दिवस. मंगळवारी तो परत माउंडवर, म्हणजे पिचरच्या टेकाडावर होता. वॉर्म-अपचे आणि घरामागच्या अंगणात टाकलेले चेंडू तर कुणीच लिहिले नव्हते.

अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी शस्त्रक्रिया झालेल्या तरुण पिचरांची धडधाकट पिचरांशी तुलना केली. वर्षातले आठ महिन्यांहून जास्त स्पर्धेत पिचिंग करणाऱ्यांमध्ये धोका पाचपट निघाला. हात थकलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांमध्ये ३६ पट. पालक मात्र अजूनही कर्व्हबॉललाच, म्हणजे हवेत वळणाऱ्या चेंडूलाच, दोष देतात. प्रयोगशाळेत मोजलं तर मुलांच्या कोपरावर फास्टबॉलचा, म्हणजे सरळ वेगवान चेंडूचा, ताण कर्व्हपेक्षा कमी नसतो, उलट जास्तच भरतो.

आणखी एक समजूत मला फार खुपते. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी पिचर टॉमी जॉन याचं तुटलेलं लिगामेंट मनगटाजवळची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) वापरून नव्याने बांधलं. तो पुढे १९८९ पर्यंत खेळला. त्या यशामुळे 'ऑपरेशन झालं की बॉल आणखी जोरात पडतो' असं मुलंच काय, आईवडीलही बोलतात. ऑपरेशन हात परत मिळावा म्हणून असतं, वेग वाढवायला नव्हे. अमेरिकेतल्या २००७ ते २०११ च्या खासगी विम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा या शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून जास्त १५ ते १९ वयाच्या मुलांवर झालेल्या आढळल्या.

आपल्याकडे क्रिकेटच्या नेटमध्ये वेगवान गोलंदाजी करणाऱ्या पोरांचंही हेच. तिथे कोपराऐवजी कमरेच्या मणक्याला बारीक तडा जातो, आणि सुरुवात तशीच होते: "जरासंच दुखतंय."

भाच्याच्या दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढले. उजवीकडे उंचवटा आणि हाड यांच्यातली काळी रेघ डावीपेक्षा रुंद दिसत होती. सहा आठवडे चेंडू फेकणं पूर्ण बंद. तो दोन दिवस रडला, मग संघाच्या बाकावर बसून स्कोअर लिहायला लागला. सातव्या आठवड्यात अंगणात ३० फुटांवरून हलके २० चेंडू टाकायची परवानगी मिळाली. बहिणीने फ्रिजवर कागद लावलाय. त्यात दोन्ही संघांचे, वॉर्म-अपचे आणि अंगणातले असे रकाने आहेत, आणि शेवटी बेरीज. तो रकाना भाचा स्वतः भरतो. शेजारी 'दुखलं का' असा एक रकाना त्याने आपणहून वाढवलाय.