एका अक्षराची चूक आणि अडकलेलं लिव्हर
आपल्या डीएनएत साधारण ३०० कोटी अक्षरं असतात, त्यातलं एक चुकलं तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण १४ नंबरच्या क्रोमोसोमवर एक जीन आहे, तिथे जी च्या जागी ए आला आणि हीच चूक आई आणि बाबा दोघांकडून मिळाली, तर लिव्हर आणि फुफ्फुसं दोन्ही धोक्यात येतात.

हा जीन अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचं प्रोटीन बनवतो. ते तयार होतं लिव्हरमध्ये आणि काम करतं फुफ्फुसात, म्हणजे तिथल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला जे एन्झाइम सोडतात ना, ते आपलंच फुफ्फुस खात सुटू नये म्हणून त्याला हे आवर घालतं. चुकीचं अक्षर असलं की या प्रोटीनचे रेणू एकमेकांत अडकून साखळ्या होतात आणि लिव्हरच्या पेशीतच तुंबतात. मग इकडे लिव्हर खराब, तिकडे फुफ्फुस उघडं. (सिगरेट ओढणाऱ्याचे तर हालच.) हा आजार १९६३ मध्ये स्वीडनमध्ये लक्षात आला. लिव्हर पार निकामी झालं तर ट्रान्सप्लांट, आणि त्यानंतर जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या.

मग पेशंटच्याच पेशी दुरुस्त केल्या तर? २०११ मध्ये इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूट आणि केंब्रिजच्या टीमने हेच करून बघितलं. पेशंटच्या त्वचेच्या पेशी घेतल्या, जपानी शास्त्रज्ञ यामानाकांच्या युक्तीने (ज्यासाठी त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं) त्या पेशींना परत स्टेम सेल बनवलं, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते अशा पेशी, झिंक फिंगर नावाच्या कात्रीने नेमक्या जागी कापून बरोबर अक्षर बसवलं. पण कोणत्या पेशीत दुरुस्ती झाली हे कळायला सोबत एक खुणेचा जीन घालावा लागतो आणि तो तिथेच राहिला तर नवीन कटकट. म्हणून त्यांनी तो पिगीबॅक या उड्या मारणाऱ्या डीएनएत बसवला, मूळचा पतंग नावाच्या एका किड्याकडून आलेला, जो काम झाल्यावर मागे काहीही न सोडता बाहेर पडतो! मला तर अख्ख्या प्रयोगात हेच सगळ्यात भारी वाटतं.

त्या स्टेम सेलपासून लिव्हरसारख्या पेशी केल्या, त्या उंदरांच्या लिव्हरमध्ये टिकल्या आणि नॉर्मल प्रोटीन बनवू लागल्या.

पण प्लेटमध्ये वाढवलेल्या या पेशी पूर्ण मोठ्या होत नाहीत, गर्भातल्या बाळाच्या लिव्हरसारख्या राहतात, शिवाय वाढवता वाढवता डीएनएत नव्या चुका शिरतात म्हणून प्रत्येक बॅच तपासत बसायचं. तेवढ्यात क्रिस्पर आलं, म्हणजे डीएनएत नेमक्या जागी बदल करायचं सोपं हत्यार. २०२५ मध्ये तर याच आजाराच्या पेशंटना चरबीच्या सूक्ष्म कणांत एडिटर (क्रिस्परवरून बनवलेलं, चुकीचं अक्षर बदलणारं हत्यार) भरून सलाइनसारखा शिरेतून दिला आणि रक्तात बरोबर प्रोटीन दिसायला लागलं, कारण लिव्हर असे कण आपणहूनच शोषून घेतं. पेशी बाहेर काढायची भानगडच नाही.

मग स्टेम सेलचा रस्ता बंद का? मला नाही वाटत. अक्षर सुधारलं तरी ज्या लिव्हरची आधीच गाठीगाठी होऊन वाट लागली आहे, त्यात सुधारायला चांगल्या पेशीच फारशा उरलेल्या नसतात, तिथे नव्या पेशी बाहेरूनच आणाव्या लागणार.