पाकिटावरचा खानदेश

टपालाच्या संग्रहालयात शिरलं की पाय आधी तिकिटांच्या काचेपुढे थांबतात. रंग तिथे असतात, राजाराणीचे चेहरे तिथे असतात. दिल्लीच्या डाक भवनात १९६८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय संग्रहालयातही १८५२ च्या 'सिंध डाक'ची तिकिटं पाहायला लोक आवर्जून जातात. ती आशियातली पहिली चिकटवायची तिकिटं. पण ज्याला टपालाचा इतिहास वाचायचा आहे त्याची नजर अख्ख्या पाकिटावर असते. कुठल्या कचेरीचा शिक्का, कुठली तारीख, किती पैसे लागले, पत्र कुठल्या वाटेनं गेलं, हे पाकीटच सांगतं. कापून काढलेलं तिकीट यातलं फारसं काही सांगत नाही.

खानदेशाला ही गोष्ट लागू पडते, कारण आपला मुलूखच वाटेवरचा. पेशवाईत सरकारी पत्रं जासूदजोडीच्या, म्हणजे जोडीनं धाडलेल्या निरोप्यांच्या, हाती जात. १८१८ नंतर खानदेश कंपनीकडे गेला, कॅप्टन ब्रिग्ज इथला कारभार पाहू लागला आणि धुळं जिल्ह्याचं ठाणं झालं. मुंबईहून आग्र्याला जाणारा रस्ता धुळे-शिरपूर करत सातपुडा ओलांडतो. धुळ्यात आजही बाजारपेठेच्या रस्त्याला लोक आग्रा रोडच म्हणतात. या वाटेनं डाक टप्प्याटप्प्यानं पळवत नेली जाई. पळणाऱ्या हरकाऱ्याच्या हातात भाला, भाल्याला घुंगरं, खांद्यावर थैली. असा घुंगरांचा भाला आज अनेक टपाल संग्रहालयांत मांडलेला दिसतो.

१ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर एकच दर आला: पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. त्याआधी अंतर वाढलं की पैसे वाढत. कापसाच्या व्यापाऱ्याला हा बदल केवढा मोठा वाटला असेल!

पुढच्या दशकात रेल्वे आली आणि वाटच बदलली. भुसावळहून एक फाटा नागपूरकडे गेला, दुसरा खांडवा-इटारसीकडे. मार्च १८७० मध्ये जबलपूरला दोन्ही बाजूंचे रूळ जुळले आणि मुंबई-कलकत्ता सलग झालं. विलायतेहून आगबोटीनं मुंबईला उतरलेली कलकत्त्याची टपाल आता जळगाव-भुसावळवरून जाऊ लागली. चालत्या डब्यात पत्रं निवडण्याची पद्धत आपल्याकडे १८६३ पासूनची, अलाहाबाद-कानपूर मार्गावर सुरू झालेली. रेल्वे टपाल सेवेच्या 'एल' विभागाचं मुख्यालय भुसावळला का आलं, याचं उत्तर या नकाशात आहे. भुसावळ म्हटलं की इंजिनं आणि केळी आठवतात. रात्रभर डब्यात उभ्यानं पत्रं लावणारे सॉर्टर मात्र कुणाला आठवत नाहीत, आणि हे मला फार खटकतं.

आता एक कार्ड जवळून पाहू. १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं. एका बाजूला तपकिरी रंगात राणीचा छाप आणि 'ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड' अशी अक्षरं. त्या बाजूला फक्त पत्ता, मजकूर मागे. व्यापाऱ्याचं कार्ड असेल तर मोडीच्या ओळी एकमेकींना चिकटून, कडेपर्यंत भरलेल्या: कापसाचा भाव, हुंडीची मुदत, शेवटी घरच्यांची खुशाली. टाकल्याचा एक शिक्का, पोचल्याचा दुसरा. दोन तारखांची वजाबाकी केली की पत्राला किती दिवस लागले ते कळतं. पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली अशी कार्डं शेजारी ठेवली तर नद्यानाल्यांनी अडवलेली वाटही हाती लागते.

अशा संग्रहातही एक बाजू कोरी राहते. लग्नाची, बारशाची पत्रं लोकांनी जपली. दुखवट्याचं कार्ड, ज्याच्या माथ्यावर 'श्री' नसे, ते वाचलं की फाडून टाकायची रीत. म्हणून प्लेग-पटकीच्या वर्षांचा घराघरातला आकांत टपालातून फार थोडा उरला. तुरुंगातल्या पत्रांचं वेगळं. ती अधिकाऱ्याच्या नजरेखालून जात आणि त्या तपासणीच्या खुणा कागदावर राहत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. त्या काळातलं धुळे तुरुंगाचं एखादं कार्ड सापडलं तर ते तिकीटसंग्रहापुरतं राहत नाही.

जुने कागद दारोदार हिंडून गोळा करण्याची परंपरा खानदेशाला परकी नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच गेले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथेच उभं आहे. टपाल खातंही प्रदर्शनं भरवतं, 'ढाई आखर' ही पत्रलेखन स्पर्धा घेतं, सहावी ते नववीच्या तिकीटसंग्राहक मुलांना 'दीनदयाळ स्पर्श' योजनेत वर्षाला ६,००० रुपयांची शिष्यवृत्ती देतं. हे चांगलंच आहे. पण मुलांना तिकीट ओळखायला शिकवताना शिक्का वाचायलाही शिकवायला हवं.

घाई आहे. तार २०१३ मध्ये बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांची पत्रं असतील तर तिकिटं कापू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पाकीट आणि आतला कागद एकत्र ठेवा, आणि पत्र कुणी कुणाला लिहिलं ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून सोबत ठेवा.