पडद्यावरचा शनिवारवाडा आणि थोरल्या बाजीरावांचा वाडा

ऐतिहासिक चित्रपटांत दिसतो तसाच संगमरवरी, उंच छतांचा शनिवारवाडा थोरल्या बाजीरावांनी बांधला, असा समज घट्ट आहे. तो चुकीचा आहे.

पायाभरणी १० जानेवारी १७३० ला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली. बाजीराव १७४० मध्ये गेले. पुढच्या पेशव्यांनी वाडा वाढवत नेला. हजारी कारंजे तर सवाई माधवरावांच्या काळातले. म्हणजे चित्रपटात एकाच दिवशी दिसणारा वाडा चार पिढ्यांचा मिळून होतो.

दुसरी चूक बांधणीची. पेशवाई वाडा चौकाभोवती उभा राहतो: दगडी जोते, वर सागवानी सांगाडा, सुरूदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) खांब, केळफुलांची नक्षी, बेताची उंची. अशा सोप्यात, म्हणजे चौकालगतच्या ओसरीत, कॅमेरा पुरेसा मागे नेता येत नाही. म्हणून सेटवर चौकाचा दरबार होतो, छत वर जाते आणि मराठी घर राजस्थानी महालासारखे दिसू लागते. ही तडजोड समजण्यासारखी आहे, पण तीच पुण्याची ओळख बनणे आम्हाला खटकते.

तपासायला मूळ माड्या नाहीत. १८२८ च्या आगीत लाकूडकाम जळाले. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. लाकूडकाम बघायचे तर विश्रामबागवाडा गाठा. तो दुसऱ्या बाजीरावांचा, म्हणजे बराच नंतरचा, पण खांब आणि नक्षी जवळून दिसते. केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महालही आहे. त्याचा आकार डोळ्यांत साठवा, मग पडद्यावरचा महाल पुन्हा बघा.