अल्परक्तता आणि मेंदूतील ऊर्जा चयापचय

अल्परक्तता आणि मेंदूतील ऊर्जा चयापचय : मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह घटल्यावर (अल्परक्तता) तेथील ऊर्जानिर्मितीत व ऊर्जावापरात क्रमाने होणारे बदल. प्रौढ मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्केच असते. परंतु विश्रांत अवस्थेत शरीर वापरीत असलेल्या ऑक्सिजनापैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन त्याला लागतो. ऑक्सिजनाचा साठा मेंदूत जवळजवळ नसतो आणि ग्लायकोजेनही (साठविलेले ग्लुकोज) अत्यल्प असते. एटीपीचा (पेशीतील ऊर्जावाहक रेणूचा) मोठा वाटा पेशीपटलावरील सोडियम-पोटॅशियम पंप चालू ठेवण्यात खर्च होतो.

निरोगी मेंदूतील सरासरी रक्तप्रवाह दर १०० ग्रॅम ऊतकामागे मिनिटाला सुमारे ५० मिलि. असतो, करड्या द्रव्यात तो अधिक, तर श्वेत द्रव्यात बराच कमी असतो. प्रवाह घटू लागला की प्रथम रक्तवाहिन्या विस्फारतात. ते पुरेसे न ठरल्यास रक्तातील ऑक्सिजन अधिक प्रमाणात शोषला जातो, त्यामुळे चयापचय काही काळ टिकून राहतो.

यापुढील टप्प्यांच्या सीमांविषयी मतभेद आहेत. ॲस्ट्रप, सिमन, ब्रॅन्स्टन व लासेन यांनी १९७७ मध्ये बबून माकडांवरील प्रयोगांतून दाखविले की, प्रवाह साधारण १५ मिलि.वर आला असता बाह्यकाची (मेंदूच्या बाहेरील थराची) विद्युत्‌क्रिया थांबते, तर पेशींतील पोटॅशियम मोठ्या प्रमाणावर बाहेर पडण्यासाठी तो ६ मिलि.च्या आसपास उतरावा लागतो. या दोन मर्यादांमधील ऊतक निष्क्रिय पण जिवंत असते, व त्यालाच पुढे उपच्छाया क्षेत्र म्हटले जाऊ लागले. संशोधक हॉसमन यांच्या मांडणीनुसार प्रथिनसंश्लेषण याच्या कितीतरी आधीच मंदावते आणि विनॉक्सी (ऑक्सिजनाविना होणारे) ग्लुकोज-विघटन त्यानंतर वाढते. मात्र त्यांचे बरेच आकडे कृंतक (उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या) प्राण्यांचे असून त्यांच्या मेंदूतील मूळ प्रवाहच माणसापेक्षा जास्त असतो; शिवाय भुलीमुळे चयापचय स्वतःच मंदावतो. म्हणून हे आकडे मानवाला जसेच्या तसे लावण्यापेक्षा टप्प्यांचा क्रम ग्राह्य धरणे अधिक सयुक्तिक ठरते. अल्परक्ततेचा कालावधीही तितकाच निर्णायक असतो, कारण काही मिनिटे सहन होणारी घट काही तासांत ऊतकनाशास कारणीभूत ठरू शकते.

प्रवाह पूर्णतः थांबल्यास सुमारे १० सेकंदांत शुद्ध हरपते, क्रिएटिन फॉस्फेट (एटीपी तातडीने भरून काढणारा राखीव साठा) मिनिटभरात संपत येते आणि काही मिनिटांत एटीपी जवळजवळ शून्यावर जाते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऑक्सिजनाच्या साहाय्याने सुमारे ३० एटीपी मिळतात, त्याविना केवळ २. पंप बंद पडल्यावर पेशींत सोडियम व पाणी शिरते, ग्लुटामेट (चेतापेशींना उत्तेजित करणारे संदेशवाहक द्रव्य) बाहेर साचते, आणि त्याच्या ग्राहींतून आत येणारे कॅल्शियम तंतुकणिकांना (पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकांना) निकामी करते.

ऑक्सिजनाविना ग्लुकोजचे विघटन होताना साचणाऱ्या लॅक्टेटची भूमिका वादग्रस्त आहे. अल्परक्ततेपूर्वी रक्तशर्करा जास्त असल्यास प्राण्यांत इजा वाढते असे आढळल्याने १९७० च्या दशकापासून लॅक्टिक अम्लतेला दोषी मानले गेले. पेलेरिन व माजिस्ट्रेट्टी यांनी १९९४ मध्ये, तारापेशींनी (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींनी) निर्मिलेले लॅक्टेट चेतापेशींना इंधन म्हणून पुरते, अशी कल्पना मांडली. तीही सर्वमान्य नाही. अम्लता घातक आणि लॅक्टेट स्वतः मात्र उपयोगी, असा भेद करणे उपलब्ध पुराव्याशी अधिक सुसंगत दिसते.

रक्तप्रवाह पूर्ववत झाल्यावर एटीपी बऱ्याच अंशी भरून निघते. तरीही अश्वमीनातील (स्मृतीशी निगडित मेंदूभागातील) सीए१ या भागाच्या चेतापेशी काही दिवसांनी मरतात.