पुढच्या एक्सलची जुनी थरथर

ताशी सत्तर-ऐंशीच्या वेगात पुलाचा सांधा किंवा खड्डा लागतो आणि स्टीअरिंग डावीकडे-उजवीकडे असं झटके मारू लागतं की हातात धरवत नाही. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते शांत होत नाही. अमेरिकेतले जीपवाले याला 'डेथ वॉबल' म्हणतात. गाडीची उंची वाढवून मोठे टायर चढवल्यावर हा त्रास हमखास डोकं वर काढतो, म्हणून खापर टायरवर फुटतं. ते अर्धंच खरं आहे.

१९२३ मध्ये फायरस्टोनने 'बलून' टायर आणले, जाडजूड आणि कमी हवेवर चालणारे. त्या काळचे ओव्हरसाइझ टायरच म्हणा ना! प्रवास मऊ झाला. त्याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक आले, एक्सलवरचं वजन वाढलं आणि भल्या भल्या गाड्या पुढून नाचू लागल्या. १९२५ मध्ये फ्रेंच अभियंते ब्रुलिए यांनी या थरथरीचा अभ्यास करताना टायर आडवा कसा घसरतो याकडे लक्ष वेधलं.

अखंड एक्सलवर, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याच्या टोकांना असतात तिथे, एक चाक उचललं गेलं की अख्खा एक्सल कलतो, दुसऱ्या चाकासकट. वेगाने फिरणारं चाक कललं की भोवऱ्यासारखं वळू पाहतं; ते वळलं की एक्सल पुन्हा कलतो. ठरावीक वेगाला हे चक्र आपलं आपणच चालू राहतं. टायर जितका जड आणि मोठा, तितका झटका जबर. रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅकमध्ये आलेल्या मॉरिस ऑली यांनी या दुखण्याच्या मुळावरच घाव घातला. १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र टांगली गेली आणि कारपुरता प्रश्न बराचसा मिटला.

जीपने मात्र अखंड एक्सल सोडला नाही, आणि त्यात तिचा हट्ट नव्हता. दगडधोंड्यांत एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं, पकड टिकते, शिवाय मजबुती. १९४१ च्या विलीज जीपचे टायर जेमतेम २८ इंचांचे, वेगही बेताचा. पुढे दोन्ही वाढत गेले. जीपच्या रँग्लर रुबिकॉन मॉडेलला २००३ मध्ये साधारण ३१ इंची टायर होते, २००७ मध्ये ३२, २०१८ मध्ये ३३. २०२१ मध्ये तर कंपनीच ३५ इंची देऊ लागली.

मधल्या काळात आणखी एक बदल झाला, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. लीफ स्प्रिंगचे पाटे एक्सलला आडवं सरकू देत नाहीत. कॉइल स्प्रिंगला ते जमत नाही. म्हणून १९८४ च्या जीप चेरोकीत आणि १९९७ च्या रँग्लरमध्ये कॉइल आल्यावर एक्सल आडवा धरून ठेवण्याचं काम मुख्यतः ट्रॅक बारवर, म्हणजे एक्सलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर पडलं. त्याच्या टोकाचा रबरी बुश झिजला किंवा बोल्टचं भोक लांबट झालं की एक्सल सरकायला मोकळा. त्यात गाडी उंच करणारं लिफ्ट किट बसवताना कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, आणि ट्रॅक बार व स्टीअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारी ड्रॅग लिंक यांचे कोन जुळेनासे होतात. मोठा टायर या ढिलाईला फक्त जोर पुरवतो.

स्टीअरिंग डँपर, म्हणजे स्टीअरिंगचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, हे या इतिहासातलं सगळ्यात फसवं पान. तो झटके गिळतो, ढिलाई तशीच राहते. २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या दोन सदस्यांनी रँग्लरच्या वॉबलबद्दल क्रायस्लरकडे विचारणा केली होती. २०१९ मध्ये नव्या रँग्लरचे डँपर बदलून देण्याची मोहीम कंपनीने काढली. माझ्या मते डँपर सगळ्यात शेवटी बदलावा.

आपल्याकडे २०२० नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिचं स्टीअरिंग थरथरलं तर आधी व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट बघावं. जिम्नी आणि जुनी जिप्सी मात्र अखंड एक्सलच्या घराण्यातल्या. जिप्सीत पहिला संशय किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं तिच्या, बेअरिंगवर घ्यावा. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं की तिथला ढिलेपणा लगेच हाताला कळतो.