झुमऱ्यातून उठायचं कधी?

गेल्या गणपतीतल्या एका शनिवारी आमच्या फ्रिजच्या दारावर एकाच संध्याकाळच्या चार पत्रिका लटकत होत्या. टिळक नगरात साडेसातला मुलांचे कार्यक्रम, त्यात भाच्याचा तबला. रामबागेत आठला ख्यालगायन. सुदामा नगरात आठलाच हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा. लोकमान्य नगरात साडेआठला नाट्यगीतं. इंदूरच्या मराठी घरात गणपतीचे दहा दिवस हे असंच चालतं. वर्षभर कुठे काही नसतं आणि मग एकदम सगळं एकाच वेळी.

मी ठरवलं, सगळीकडे थोडं थोडं. भाच्याने सात मिनिटं ‘कायदा’ (तबल्याची एक रचना) वाजवला, तो ऐकला. मग रामबाग. तंबोरे लागत होते, ख्याल झुमरा नावाच्या संथ तालात सुरू झाला आणि वीस मिनिटांनी मी घड्याळ बघून उठलो. जवाहर मार्गावर स्कूटर एका ढोलपथकामागे अडकली. लोकमान्य नगरात पोचलो तर रंगमंचावर शाल-श्रीफळ चालू होतं. देणगीदार सहा, प्रत्येकाचं मनोगत वेगळं. त्यानंतर दोन पदं झाली, अकरा मिनिटांची. सुदामा नगरात गेलो तेव्हा पोरं खुर्च्या एकात एक घालून रचत होती. घरी येऊन हिशेब केला: 165 मिनिटं बाहेर, त्यात गाणं-बजावणं 38 मिनिटं. वहिनी मात्र त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी जाऊन गुणगुणत घरी आली होती. तिने नेमकं काय केलं, ते पुढे सांगतो.

मुळात कार्यक्रम एकमेकांवर का चढतात? अर्धं कारण कायद्यात आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं, पण वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस. त्यामुळे दहाचा आकडा आयोजकांच्या डोक्यात बसलेला असतो. इकडे आरती आणि प्रसाद उरकल्याशिवाय आठच्या आधी खुर्च्या भरत नाहीत. म्हणजे अख्ख्या शहराचं संगीत दोन तासांच्या डब्यात कोंबायचं. कार्यक्रम एकमेकांच्या मांडीवर बसणारच. रात्रभर चालणाऱ्या मैफलींच्या काळात ही अडचण कमी होती. एकीकडून उठून दुसरीकडे गेलं तरी तिथे गवई अजून पानच लावत असायचा.

संगणकशास्त्रात हे कोडं जुनं आहे. कामांच्या सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळा दिल्या आहेत, एका वेळी एकच काम करता येतं. जास्तीत जास्त कामं कशी बसवायची? उत्तर साधं आहे. जे सगळ्यात आधी संपतं ते घ्या, त्याला आडवी येणारी सगळी खोडा, उरलेल्यांतून पुन्हा सगळ्यात आधी संपणारं घ्या. लवकर सुरू होणारं किंवा छोटं निवडून चालत नाही. लवकर संपणारंच हवं, कारण त्यानंतर संध्याकाळ सगळ्यात जास्त शिल्लक राहते. या रीतीपेक्षा जास्त कार्यक्रम कोणालाच बसवता येत नाहीत, हे सिद्ध करता येतं.

पण आपल्याला संख्या थोडीच हवी असते? भाच्याची सात मिनिटं आणि ख्यालाचा दीड तास एका तागडीत घालता येत नाहीत. प्रत्येक कार्यक्रमाला आपण मनात गुण दिलेले असतात आणि गुण आले की ही सोपी रीत कोलमडते. मग रिचर्ड बेलमन यांनी 1950च्या दशकात मांडलेली पद्धत लागते. कार्यक्रम संपण्याच्या वेळेप्रमाणे ओळीने मांडायचे आणि प्रत्येकापाशी एकच प्रश्न विचारायचा: हा घेतला तर याचे गुण आणि याला आडवे न येणाऱ्या आधीच्यांतून मिळू शकणारे सर्वांत जास्त गुण, या दोन्हींची बेरीज मोठी, की याला सोडून जमणारी? आधीची उत्तरं लिहून ठेवलेली असतात, ती पुन्हा काढावी लागत नाहीत. चार कार्यक्रमांचे घे-सोड पर्याय सोळाच होतात, ते पत्रिकेच्या पाठीवर मावतात. वीस कार्यक्रमांचे 10,48,576 होतात, तिथे बेलमनची वही कामाला येते.

मोजणीवरून आठवलं म्हणून सांगतो. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (1912–1974) ज्या मेरुखंडासाठी (स्वरांचे क्रम बदलत गाण्याच्या पद्धतीसाठी) ओळखले जातात, ते अशाच मोजणीवर उभं आहे. सात स्वर एकेकदाच घेऊन मांडले तर 5040 क्रम होतात. पण मैफलीत बसून कोणी 5040 गात नाही. रागाचं व्याकरण बहुतेक वाटा बंद करतं आणि उरलेल्यांतून गवई चालतो.

तर गणित झालं, पण माझी शनिवारची चूक त्यात सापडत नाही. या पद्धतीत कार्यक्रम एकतर पूर्ण घ्यायचा, नाहीतर सोडायचा. मी तर अर्धेमुर्धे घेत होतो. प्रश्न ‘कुठे जायचं’ याच्याइतकाच ‘कधी उठायचं’ हाही होता आणि त्याचं शास्त्र संगणकवाल्यांपेक्षा पक्षी अभ्यासणाऱ्यांकडे जास्त आहे.

सराफ्यात चला. रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात खाण्याचा बाजार भरतो, हे इंदूरकराला सांगायला नको. भुट्ट्याच्या किसाच्या पहिल्या प्लेटला दहा गुण द्या. तोच कीस दुसऱ्यांदा घेतला तर सहा, तिसऱ्यांदा तीन. एका प्लेटला दहा मिनिटं लागतात. पुढचा गाडा पाच मिनिटांवर असेल तर एक-एक प्लेट खाऊन पुढे सरकल्यास 15 मिनिटांत 10 गुण, म्हणजे मिनिटाला 0.67. दोन-दोन खाल्ल्यास 25 मिनिटांत 16, म्हणजे 0.64. तेव्हा एक खा आणि उठा. आता गर्दी इतकी की पुढच्या गाड्यापर्यंत वीस मिनिटं लागतात. एका प्लेटवर उठलात तर मिनिटाला 0.33, दोनांवर 0.40, तीनांवर 0.38. म्हणजे आता दोन प्लेट खाऊन उठायचं.

एरिक चार्नोव्ह यांनी 1976मध्ये प्राण्यांच्या चरण्याबद्दल मांडलेला सिद्धांत हाच. समोरच्या झुडपातून मिळणारं खाणं कमी-कमी होत जातं. ते मिळण्याचा वेग जेव्हा वाटचाल धरून काढलेल्या एकूण सरासरीवर येतो, तेव्हा झुडूप सोडावं. आणि पुढचं झुडूप जितकं लांब, तितकं इथे जास्त थांबावं. पुढच्याच वर्षी रिचर्ड कॉवी यांनी ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्यांवर हे तपासून पाहिलं. पिंजऱ्यात नकली झाडं, त्यांवर भुशाने भरलेल्या कुंड्या, भुशात अळ्या. आता पिंजऱ्यात ‘लांब अंतर’ आणायचं कुठून? त्यांनी कुंड्यांना झाकणं बसवली, काही सैल, काही घट्ट. घट्ट झाकण उचकटायला वेळ लागतो, तोच प्रवास. झाकणं घट्ट होती तेव्हा पक्षी एकेका कुंडीत जास्त वेळ रमले, साधारण सिद्धांत सांगतो तसे. ढोलपथकामागे अडकलेल्या माणसापेक्षा त्यांना हिशेब बरा कळत होता.

(याची एक उलटी तऱ्हाही आहे. कोळी हिंडत नाही, जाळं विणून बसतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या (सजवलेले चित्ररथ) निघतात तेव्हा जेल रोडवर ओटा धरून बसणारा माणूस तेच करतो. कार्यक्रमच त्याच्यासमोरून जातात. त्या एका रात्री इंदुरात निवडीचा प्रश्न पडत नाही, फक्त जागा सहालाच धरावी लागते.)

ऑर्केस्ट्रा हा बराचसा सराफा आहे. पाच मिनिटांचं गाणं, त्याचा मुखडा पहिल्या तीस सेकंदांत हातात पडतो, संपलं की हिशेब पूर्ण. चार गाण्यांनंतर उठलात तर चार गाण्यांचा आनंद खिशात असतो. ख्यालाचं तसं नाही. झुमरा चौदा मात्रांचा. अमीर खाँसाहेबांच्या वळणाच्या अतिविलंबित, म्हणजे फार संथ, लयीत त्याचं एक आवर्तन (तालाचा एक फेरा) पाऊण ते एक मिनिट सहज घेतं. मी बसलो त्या वीस मिनिटांत सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आली असेल वीस-पंचवीस वेळा. तेच पुढे द्रुत (जलद) तीनतालात, मिनिटाला 240 मात्रांच्या लयीत, सोळा मात्रा चार सेकंदांत संपतात. वीस मिनिटांत तीनशे समा!

समेचं एवढं काय? 2011मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या व्हॅलोरी सलीमपूर, रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना संगीत ऐकताना अंगावर काटा येतो अशा माणसांना त्यांच्याच आवडीचं वाद्यसंगीत ऐकवून मेंदूची चित्रं घेतली. काटा येतो त्या क्षणी मेंदूच्या एका भागात डोपामीन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि त्याच्या आधी, ‘आता येणार, आता येणार’ या वाट बघण्यात, दुसऱ्याच भागात ते सुटलेलं असतं. म्हणजे वाट बघणं हेही सुखच आहे आणि मेंदूत त्याची जागा वेगळी आहे. त्या प्रयोगात झुमरा नव्हता, पण समेवर येताना मंडपातल्या माना कशा एकदम हलतात हे पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

फक्त एक अट आहे. वाट बघायला काय येणार हे कळावं लागतं. विलंबिताची पहिली वीस मिनिटं गवई तेच शिकवत असतो: हा षड्ज, हा निषाद इथे थांबतो, इथून सरळ वर जायचं नाही. गुंतवणूक आधी, परतावा मागाहून. आलेख काढला तर सराफ्याचा आलेख सुरुवातीला उभा चढून मग सपाट होतो. ख्यालाचा बराच वेळ जमिनीलगत सरपटतो आणि मग उसळतो. चार्नोव्हचं गणित इथे खोटं पडत नाही, पण ‘आत्ता मिळतंय ते सरासरीपेक्षा कमी, चला उठा’ ही त्याची घाईची आवृत्ती साफ फसवते. सरपटणाऱ्या भागात ती नेहमीच उठायला सांगते. मी तिचं ऐकलं. रामबागेत पैसे भरले आणि माल न घेता निघालो.

रामबागेतल्या माझ्या काकांना हे पटत नाही. त्यांच्या मते पहिला षड्ज लागला की अर्धी मैफल वसूल. त्यांच्यापुरतं ते खरं आहे. साठ वर्षं ऐकलेल्या कानाला राग शिकवावा लागत नाही, त्यांचा आलेख पहिल्या मिनिटापासून उभा. तेव्हा हा आकार नुसता गाण्याचा नसतो, ऐकणाऱ्याचाही असतो आणि दोघांसाठी उठायची वेळ एकच निघेल असं नाही.

अर्धवट उठण्यात आणखी दोन तोटे आहेत. एक लहान: सोफी लेरॉय यांनी 2009मध्ये दाखवलं की एक काम अपुरं टाकून दुसऱ्याकडे वळलं तर लक्षाचा काही भाग पहिल्यापाशीच रेंगाळतो. लोकमान्य नगरात शाल-श्रीफळ बघताना माझ्या डोक्यात झुमराच चालू होता.

दुसरा तोटा मोठा आणि मजेशीर. 1993मध्ये डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना 14 अंशांच्या गार पाण्यात हात धरायला लावला. एकदा 60 सेकंद. दुसऱ्यांदा तसेच 60 सेकंद आणि वर आणखी 30, ज्यात पाणी हळूहळू 15 अंशांवर आणलं. म्हणजे दुसऱ्या वेळी त्रास जास्तच. तरी ‘पुन्हा कोणतं करायला आवडेल’ विचारलं तर 69 टक्के लोकांनी लांबलचक दुसरं निवडलं, कारण त्याचा शेवट बरा होता. आठवण मिनिटं मोजत नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, एवढंच प्रामुख्याने धरून ठेवते. आपल्याकडे शेवटी भैरवी ठेवणाऱ्यांनी हे पाण्यात हात न घालता ओळखलं होतं. मी त्या रात्री चार ठिकाणी गेलो आणि भाच्याची शेवटची तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) सोडली तर एकाही ठिकाणचा शेवट ऐकला नाही.

आता वहिनी. ती आधी सुदामा नगरात गेली, ऑर्केस्ट्राची पाच-सहा गाणी ऐकली, मग रामबागेत येऊन मागच्या खुर्चीत बसली. तोवर विलंबित उतरणीला लागलं होतं. तिला पंधरा मिनिटं राग कानात मुरवायला मिळाली, मग द्रुत, तराणा, भैरवी. जिथून कधीही उठलं तरी चालतं तिथून ती उठली आणि जिथे शेवट मोलाचा तिथे शेवटपर्यंत थांबली. सुरुवात हुकली ही खोट आहेच. विलंबित न ऐकता द्रुत ऐकणं मला अजूनही पुरणाशिवाय पोळी वाटते. तिचं म्हणणं, पोळीवर तूप भरपूर होतं.

यंदा पत्रिका तीनच आल्या. रामबागेत मी भिंतीला टेकून बसलो, फोन वहिनीच्या पर्समध्ये. झुमरा सुरू झाला. साधारण विसाव्या मिनिटाला पाय हलायला लागला, चपला कुठे काढल्यात ते आठवून झालं. दारापाशी दोघं उठून गेले, त्यांच्या जागी वाऱ्याची झुळूक आली. तिसाव्या मिनिटाला गवयाने मागे दोनदा टाळलेला तार षड्ज लावला आणि पुढच्या रांगेतून काकांचा ‘क्या बात है’ ऐकू आला. दहाला पाच मिनिटं कमी असताना भैरवी संपली. तिथून सगळे सराफ्यात गेलो. दुसऱ्या प्लेटनंतर काका म्हणाले, आता उठा, पुढचा गाडा जवळ आहे.