उर्वरित मजकूर पान ७ वर

वर्तमानपत्रातली पहिल्या पानावरची बातमी ऐन रंगात येते आणि खाली कंसात दिसतं, 'पान ७ वर'. मग पानं उलटा, तुकडा शोधा, पुढे वाचा. एवढं चालतं. पण एकच बातमी हजार तुकड्यांत विखुरलेली असेल तर वाचण्यापेक्षा पानं उलटण्यातच जीव जाईल. जुन्या हार्ड डिस्कवरच्या फायलींचं नेमकं हेच होतं. 'कॉम्प्युटर स्लो झालाय, एकदा डीफ्रॅग मार' हा सल्ला त्यावरचाच उपाय. डीफ्रॅग म्हणजे विखुरलेले तुकडे पुन्हा एकत्र आणणारं साधन.

डिस्कवरच्या जागेचे ठरावीक मापाचे कप्पे पाडलेले असतात. फायली ठेवण्याच्या विंडोजच्या एनटीएफएस नावाच्या पद्धतीत असा कप्पा, म्हणजे क्लस्टर, सहसा ४ किलोबाइटचा. ३ एमबीच्या एका फोटोला साडेसातशेच्या वर कप्पे लागतात. डिस्क कोरी असताना ते ओळीनं मिळतात. पुढे आपण काही फायली पुसतो, मधे मधे भोकं पडतात. नंतर आलेला मोठा व्हिडिओ एका भोकात मावत नाही, मग थोडा इथे, थोडा तिथे असा बसवला जातो. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळातल्या, फायली ठेवण्याच्या फॅट पद्धतीत तर एक तक्ताच असतो आणि फाइलच्या प्रत्येक कप्प्यासमोर तिच्या पुढच्या कप्प्याचा नंबर लिहिलेला असतो. अक्षरशः 'पान ७ वर'!

एवढ्यानं वेग का मंदावतो? कारण हार्ड डिस्कमध्ये खरोखरीच काहीतरी हलतं. आत चकत्या गरगर फिरतात आणि एक हात त्यांच्यावरून पुढे-मागे सरकत मजकूर वाचतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा. हात योग्य वर्तुळावर न्यायला साधारण ९ मिलिसेकंद, मग हवा तो भाग फिरत हाताखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे आणखी ४. एका तुकड्यामागे झाले १३. आता ४० एमबीची फाइल घ्या. सलग असेल आणि डिस्क सेकंदाला १०० एमबी वाचत असेल, तर काम ०.४ सेकंदात उरकतं. तिचेच हजार तुकडे असतील तर नुसत्या धावपळीत १३ सेकंद! हिशेब जरा कडक धरलाय. तुकडे जवळपास असले तर हाताला इतकं लांब जावं लागत नाही. तरी फरक लक्षात यावा.

डीफ्रॅग हे तुकडे उचलून शेजारी शेजारी मांडतं. त्यासाठी मोकळी जागा लागते, सरकत्या आकड्यांच्या कोड्यात एक घर रिकामं लागतं तशी. विंडोज एक्सपीमधलं साधन पुरतं काम करायला १५ टक्के जागा मोकळी मागायचं. डॉसमध्ये ही सोय १९९३ साली, सहाव्या आवृत्तीत आली. विंडोज ९८ मधले ते रंगीत चौकोन आठवतात? एकेक चौकोन जागेवर बसताना तासन् तास बघत बसणारे लोक होते. कामाचा वेग किती वाढायचा ते सोडा, मनाला मात्र भारी बरं वाटायचं. विंडोज व्हिस्टापासून ते चौकोन गेले आणि काम आठवड्यातून एकदा आपोआप होऊ लागलं.

एसएसडीमध्ये, म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी फ्लॅश मेमरीच्या चिपवर मजकूर ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, मात्र हातच नाही. कुठलाही कप्पा साधारण ०.१ मिलिसेकंदात हाती येतो. तुकडे लांब असोत की जवळ, फारसा फरक नाही. शिवाय विंडोजला जे कप्पे सलग दिसतात ते चिपवर सलग असतीलच असं नाही. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून एसएसडीचा कंट्रोलर (तिचा कारभार पाहणारी आतली चिप) मजकूर स्वतःच्या सोयीनं पसरवत असतो. त्या रांगा लावण्याचा खटाटोप म्हणजे फुकटचं लिखाण, आणि फ्लॅश मेमरीच्या पेशी ठरावीक वेळा लिहिल्यावर झिजतात. म्हणून हल्लीचं विंडोज एसएसडीला सहसा 'ट्रिम' नावाची सूचना पाठवतं: अमुक कप्प्यांतला मजकूर पुसलाय, ते मोकळे धर.

आपल्याकडे काय आहे हे पाहायला स्टार्टमध्ये 'डीफ्रॅग' टाइप करा. उघडलेल्या यादीत 'मीडिया टाइप' हा रकाना दिसेल. तिथे 'हार्ड डिस्क ड्राइव्ह' असेल तर खुशाल चालवा. पण डिस्क टक्-टक् आवाज करत असेल तर आधी फायली दुसरीकडे उतरवून घ्या. डीफ्रॅग अशा डिस्कला तासन् तास पळवतं, आणि त्यातच ती कायमची बसू शकते.